उष्टा स्पंज दुसऱ्या गालाला नको

वाढदिवसांना आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला मुलांचे चेहरे रंगवण्याबद्दल या सदरात लिहिल्यापासून जी पत्रं येताहेत, त्यांतली बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात: ब्रश आणि स्पंज धुवायचे कसे, आणि नुसतं धुतलं की झालं का? बालनाट्यांच्या रंगपटात आणि वाढदिवसांच्या हॉलमध्ये मुलांचे चेहरे रंगवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे या वेळी सगळं सदर याच प्रश्नांना दिलं आहे.

प्रश्न : ताई, मी सांगलीत वाढदिवसांना फेस पेंटिंगची कामं घेऊ लागले आहे. एका कार्यक्रमाला पंचवीस-तीस मुलं असतात. माझ्याकडे ब्रश चांगले आहेत, स्पंज चार आहेत. प्रत्येक मुलानंतर ब्रश पाण्यात खळबळते आणि स्पंज ओल्या वाइपने पुसून घेते. परवा एका आईने विचारलं, "हाच स्पंज मघाशी त्या सर्दीवाल्या मुलाला लावला होता ना?" मला काय बोलावं सुचेना. नेमकं काय करायला हवं?

त्या आईचा प्रश्न रास्त आहे, आणि तुम्ही तो मनावर घेतलात हे मला फार आवडलं. आधी स्पंजाचं सांगते, कारण खरी भीती तिथेच आहे. ब्रशचे सिंथेटिक केस गुळगुळीत असतात, त्यांत पाणी शोषलं जात नाही. स्पंजाचं उलटं. रंग, घाम, लाळ, शेंबूड, जे काही गालावर असेल ते त्याच्या छिद्रांत शिरतं आणि आत राहतं. वाइप फिरवली की वरचा रंग निघतो, आतलं आहे तसंच. पुढच्या मुलाच्या गालावर स्पंज दाबला की तेच बाहेर येतं. एकदा वापरलेला स्पंज हातात घ्या, तुम्ही पुसता तसा वाइपने नीट पुसा आणि मग पांढऱ्या टिश्यूवर अंगठ्याने जोरात दाबा. जो डाग उमटेल, तो पुढच्या मुलाच्या गालावर गेला असता. सॅनिटायझर शिंपडूनही भागत नाही, तो आतपर्यंत पोचत नाही आणि पोचला तरी रंगाच्या गाळात अडकतो.

तेव्हा कार्यक्रम चालू असताना स्पंज स्वच्छ करायचा भरवशाचा मार्ग नाही हे धरूनच चाला. एका मुलाला एक स्पंज. एकाच चमच्याने आपण सगळ्या वर्गाला भरवत नाही, तसंच हे. खर्चाला घाबरू नका. दाट फोमचे अर्धगोल स्पंज आणा, धारदार सुरीने प्रत्येकाचे दोन तुकडे करा. तीस मुलं असतील तर चाळीस तुकडे न्या. एकाच मुलाला पिवळा आणि नारिंगी असे दोन रंग लावायचे असतील, तर त्याच तुकड्याची दोन टोकं पुरतात. धुतलेले स्पंज झाकणाच्या पांढऱ्या डब्यात उजवीकडे, वापरलेले जाळीच्या पिशवीत डावीकडे, टेबलाच्या कडेला बांधलेल्या. माझी मांडणी अशीच असते. हात आपोआप योग्य बाजूला जातो, आणि समोर उभ्या असलेल्या आईला विचारायची वेळच येत नाही, तिला दिसतंच.

आता ब्रश. एका भांड्यात नुसतं खळबळून होत नाही, कारण दहाव्या मुलापर्यंत ते पाणी पहिल्या नऊ जणांचं झालेलं असतं. दोन भांडी ठेवा. पहिल्यात रंग सोडायचा, दुसऱ्यात खळबळायचा, मग कोऱ्या टिश्यूवर दाबून पाणी काढायचं. त्यानंतर ब्रशचे केस सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून अर्धा-एक मिनिट ओले राहू द्यायचे आणि हवेवर वाळवायचे. हा वेळ मिळावा म्हणून ब्रशचे किमान तीन संच लागतात: एक हातात, एक वाळत, एक तयार. अल्कोहोलने ओला असलेला ब्रश चेहऱ्याला लावू नका. मुलांच्या त्वचेला तो झोंबतो, डोळ्याजवळ तर फारच. पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि सांडपाण्याची बादली बरोबर न्या आणि चार-पाच मुलांनंतर दोन्ही भांड्यांतलं पाणी बदला. हॉलमधला बेसिन नेमका दुसऱ्या टोकाला असतो. आणि अल्कोहोल चटकन पेट घेतं, म्हणून केकवरच्या मेणबत्त्यांपासून आणि निरांजनापासून बाटली लांब ठेवा.

ओठांना रंग लावायचा असेल तर ब्रश नकोच, कापसाची काडी घ्या आणि टाकून द्या.

राहिलं सर्दीवालं मूल. नाक गळत असेल, ओठाच्या कडेला ताप उठून बारीक पाण्याचे फोड आले असतील, गालावर पिवळसर खपल्यांच्या पुळ्या असतील, गजकर्ण असेल किंवा डोळे आले असतील, तर चेहरा रंगवायचा नाही. त्या मुलाला हिरमुसलं करून परत पाठवू नका. त्वचेला काही झालेलं नसेल तर मनगटावर फुलपाखरू काढा, कापसाच्या काडीने. त्वचेवरच काही असेल तर स्टिकर द्या. मी स्टिकरचं पाकीट नेहमी जवळ ठेवते. आईला बाजूला घेऊन हळूच सांगा, सगळ्यांसमोर नको.

प्रश्न : ब्रश धुण्याच्या पाण्यात दोन थेंब डेटॉल किंवा सॅव्हलॉन टाकलं तर अल्कोहोलची कटकट वाचेल का? (ठाणे)

नाही, आणि हे कृपया करू नका. त्या पाण्यातला ब्रश पुढे डोळ्याच्या पापणीशी जातो. सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडिन असतं, ते डोळ्यात गेलं तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊ शकते. डेटॉलनेही त्वचेची आग होते. शिवाय रंगाने गढूळ झालेल्या पाण्यात दोन थेंबांनी जंतू मरत नाहीत, फक्त वास येतो आणि आपल्याला वाटतं की काम झालं. खळबळण्याच्या भांड्यात साधं पिण्याचं पाणीच असू द्या.

प्रश्न : केमिस्टकडे ९९ टक्के आयसोप्रोपिल मिळालं. ते ७० टक्क्यांपेक्षा जास्त चांगलं असेल ना? हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट खूप स्वस्त आहे, ते चालेल का? (नाशिक)

जास्त टक्के म्हणजे जास्त चांगलं असं इथे नाही. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं बिघडवून त्यांना मारतं, आणि त्या कामाला थोडं पाणी लागतं. ९९ टक्के अल्कोहोल झटकन उडूनही जातं, काम पुरं व्हायच्या आत. तुमची बाटली वाया गेलेली नाही. ७० मिलीत ३० मिली उकळून गार केलेलं पाणी घाला, बाटलीवर ठळक अक्षरांत नाव आणि तारीख लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

हार्डवेअरचं स्पिरिट फर्निचरच्या पॉलिशसाठी असतं. त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ते विषारी आहे. चेहऱ्याला लागणाऱ्या कोणत्याही वस्तूच्या जवळ ते आणू नका. हाताला लावायचा जेल सॅनिटायझरही ब्रशसाठी नको, त्याने केस चिकट होतात आणि रेघ फाटते.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: अल्कोहोल मळलेल्या ब्रशवर चालत नाही. रंगाचा थर असेल तर खालचे जंतू सुरक्षित राहतात. आधी धुणं, मग अल्कोहोल. आणि सगळेच विषाणू त्याने मरतात असंही नाही. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे डोळ्यांची साथ आली होती. अशा साथींमागे बहुतेकदा अ‍ॅडिनोव्हायरस असतो. तो चिवट आहे, कोरड्या वस्तूवर कित्येक दिवस तग धरतो आणि अल्कोहोलला सहज दाद देत नाही. गावात डोळ्यांची साथ असेल तेव्हा मी डोळ्यांभोवती रंगकाम करतच नाही. गालावर आणि कपाळावर काढते, किंवा कार्यक्रम पुढे ढकलायला सांगते. यजमान नाराज होतात, पण ते ऐकून घ्यायची माझी तयारी असते.

प्रश्न : चिपळूणला राहते. पावसाळ्यात स्पंज कितीही धुतले तरी कुबट वास येतो, काहींवर काळे ठिपके पडलेत. प्रेशर कुकरमध्ये उकडले किंवा मायक्रोवेव्हमध्ये फिरवले तर?

काळे ठिपके पडलेले स्पंज आधी फेकून द्या. ती बुरशी आहे, तिचे धागे फोमच्या आत उतरलेले असतात, धुऊन ठिपका फिका होईल पण बुरशी राहील. वास येतो पण ठिपके नाहीत, त्यांना एक संधी द्या.

मायक्रोवेव्ह नको. स्पंज कोरडा पडला की पेटतो, आणि ब्रश ठेवलात तर केस धरून ठेवणाऱ्या पत्र्यामुळे ठिणग्या उडतील. कुकरच्या उष्णतेत फोम वेडावाकडा होतो, रबराच्या लॅटेक्स स्पंजाचा तर भुगा होतो. ब्लीचही नको. फोम ते धरून ठेवतो आणि पुढे मुलाच्या गालाची आग होते.

माझी पद्धत सांगते. कार्यक्रमाहून आलं की त्याच रात्री, कितीही दमले असले तरी, स्पंज कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब घालून पंधरा-वीस मिनिटं भिजत घालते. मग नळाखाली एकेक स्पंज मुठीत दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. पुन्हा साबण, पुन्हा तेच. लाल, हिरव्या आणि काळ्या रंगाचा डाग राहतो, तो राहू दे, डाग म्हणजे घाण नव्हे. त्यानंतर सगळे स्पंज जाळीच्या पिशवीत घालून वॉशिंग मशीनमध्ये ६० अंशांवर. कपडे मऊ करणारं कंडिशनर घालायचं नाही, त्याचा थर बसतो आणि स्पंज रंग उचलत नाही. मशीन नसेल तर हात सोसेल त्याहून गरम पाणी बादलीत घेऊन दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि चिमट्याने काढा.

तुमच्याकडे खरा प्रश्न धुण्याचा नाही, वाळण्याचा आहे. चिपळूणच्या जुलैत टॉवेल दोन दिवसांत वाळत नाही, स्पंज कुठून वाळणार? मशीनच्या ड्रायरमधून दोनदा फिरवून घ्या, मग प्रत्येक स्पंज सुटा, एकमेकांना न लागता, जाळीवर पंख्याखाली ठेवा. बाहेरून कोरडा लागला तरी मधोमध चिमटीत दाबून टिश्यूवर टेकवा. टिश्यू जराही ओला झाला तर अजून वेळ आहे. पूर्ण वाळल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. रंगाच्या वड्यांनाही हेच लागू. वापरून झाल्यावर वरून ७० टक्के अल्कोहोलचा हलका फवारा मारा आणि रात्रभर उघड्या ठेवा, सकाळी झाकणं लावा. ऊन पडलं की मात्र सगळं अंगणात काढा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत काम घेताना मी दोन कार्यक्रमांत तीन दिवसांचं अंतर ठेवते, ते स्पंजांसाठीच.

प्रश्न : मी कलेच्या महाविद्यालयात आहे, फेस पेंटिंग शिकते आहे. महिन्याभरात माझे ब्रश पार फिसकारले, एकाची दांडी फुगली आणि पत्र्यातून डोकं निसटलं. स्वस्तातले ब्रश म्हणून असं झालं का? (पुणे)

अगं, किमतीचा दोष थोडा, पाण्याच्या भांड्यात उभे करून ठेवण्याचा जास्त. असं ठेवलं की केस वाकतात, दांडी पाणी पिते, आणि पत्र्याच्या आत केस धरून ठेवणारा डिंक सुटतो. गरम पाण्याने आणि अल्कोहोलमध्ये तासभर बुडवून ठेवल्यानेही तोच डिंक सुटतो. अल्कोहोल केसांपुरतं आणि मिनिटभरापुरतंच.

धुताना ब्रश खाली तोंड करून गार किंवा कोमट पाण्याखाली धर. तळहातावर लहान मुलांच्या साबणाचा फेस कर आणि त्यात ब्रश गोल फिरव. टोक स्वच्छ दिसलं म्हणजे संपलं नाही. जिथे केस पत्र्यात शिरतात ती मान दोन बोटांच्या चिमटीत धर आणि टोकाकडे दाबत ये. स्वच्छ वाटणाऱ्या ब्रशमधूनही तिथून काळं पाणी येतं. ते थांबेपर्यंत दाबत राहा. जंतू आणि फिसकारणं, दोन्हींचं मूळ त्या मानेत साठलेल्या रंगात असतं. मग बोटांनी टोकाला आकार दे आणि आडवा ठेवून वाळव, टेबलाच्या कडेबाहेर केस येतील असा. उभा ठेवलास तर पाणी पुन्हा मानेत उतरेल.

प्रश्न : मला यूव्हीचा डबा घ्यायला सुचवलंय. त्यात स्पंज ठेवले की पाच मिनिटांत निर्जंतुक होतात म्हणे. (हिंजवडी)

तो प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो. स्पंजाच्या छिद्रांत आणि ब्रशच्या केसांच्या आत सावलीच असते. ते पैसे आणखी पन्नास स्पंजांवर घाला.

प्रश्न : आमचं हौशी दशावतारी मंडळ आहे. जत्रांच्या दिवसांत रात्रभर प्रयोग असतात. प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतो, पण ग्रीसपेंटचा डबा आणि स्पंज सगळ्यांचा एकच. दोघा-तिघांना चेहऱ्यावर पुळ्या आल्या आहेत. ग्रीसपेंटचा स्पंज साबणाने धुतला तरी तेलकटच राहतो. (कुडाळ)

पुळ्या आलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं, आणि बरं होईपर्यंत त्यांचं सामान सर्वस्वी वेगळं ठेवावं. पुळ्यांवर जाड रंग लावून वर घाम आणि दिव्यांची उष्णता, याने त्या चिघळतील.

ग्रीसपेंट तेल-मेणाचं असतं, म्हणून साबणाआधी तेल लागतं. स्पंजावर थोडं खोबरेल घाला, दाबून दाबून रंग सुटू द्या आणि जुन्या सुती कपड्यावर पिळून काढा. थंडीत पहाटे खोबरेल गोठलेलं असतं, बाटली आधी गरम पाण्यात ठेवा. कपड्यावर रंग उतरायचा थांबला की भांड्यांचं लिक्विड कोरड्या स्पंजालाच चोळा, पाणी नंतर. दोनदा केलंत की तेलकटपणा जातो. ब्रशही असाच. ग्रीसपेंट नुसत्या अल्कोहोलमध्ये बुडवून साफ होत नाही, थर पातळ होऊन मानेत उतरतो.

पण तुमच्याकडे रात्री तीनला हे कोण करणार? त्याऐवजी प्रत्येक नटाला स्वतःचे दोन स्पंज द्या, चेनच्या पिशवीत, वर पक्क्या शाईने नाव. शंकासुराचा स्पंज शंकासुराकडे, राजाचा राजाकडे. डब्यातला रंग मात्र समाईक राहणार, तर त्यात बोट किंवा स्पंज घालायचा नाही. स्टीलच्या चमच्याच्या दांड्याने लागेल तेवढा रंग काढायचा, ताटलीवर घ्यायचा आणि तिथून लावायचा. दांडा पुसून पुढच्याने घ्यायचा. डोळ्यांचं काजळ आणि पेन्सिल तर सख्ख्या भावालाही द्यायची नाही.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात साठ मुलं वाघ होणार आहेत. खर्च वाचवायला वर्गातले पोस्टर कलर वापरायचे ठरत आहे, डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलंय. स्पंज मोठ्या गादीचा फोम कापून करू. (छत्रपती संभाजीनगरहून एक शिक्षिका)

बाई, फोमचं मी समजू शकते, रंगाचं मात्र हात जोडून सांगते, नको. 'नॉन-टॉक्सिक' हे कागदावर वापरण्याच्या रंगाबद्दल आहे, मुलाच्या त्वचेवर दोन तास राहणाऱ्या रंगाबद्दल नाही. चेहऱ्याचा रंग हे सौंदर्यप्रसाधन आहे, आपल्याकडे ते २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली येतं. डबीवर घटक, बॅच क्रमांक, मुदत आणि परवाना किंवा आयातीचा नोंदणी क्रमांक असायला हवा. साठ वाघांना पिवळा, नारिंगी, काळा आणि थोडा पांढरा एवढेच रंग लागतात, पूर्ण पेटी घेऊ नका. पाण्याने लावायच्या मोठ्या वड्या घ्या, एका वडीत खूप चेहरे होतात.

गादीचा फोम खरखरीत असतो आणि त्याचा चुरा डोळ्यात जातो. त्यापेक्षा पालकांना चिठ्ठी पाठवा: प्रत्येक मुलाने मेकअपचा एक नवा स्पंज, नाव आणि हजेरी क्रमांक लिहिलेल्या पिशवीत आणावा. पाच-दहा मुलं विसरतील, तेवढे शाळेने जास्तीचे ठेवावेत. पिवळा-नारिंगी थर त्याच स्पंजाने, स्पंज लगेच मुलाच्या पिशवीत परत. पट्ट्यांसाठी काळ्या रंगाचे ब्रश लागतील. तीन शिक्षकांना प्रत्येकी आठ-दहा ब्रश आणि एका मोठ्या मुलीला फक्त ब्रश धुण्याचं काम द्या. तिला हातमोजे घाला आणि अल्कोहोलची बाटली मात्र शिक्षकांकडेच राहू द्या. आदल्या दिवशी सगळ्यांच्या कोपराच्या आत रंगाचा ठिपका लावून पाहा. दुसऱ्या दिवशी लाल झालं त्याला मुखवटा.

प्रश्न : मी रंगवणारी नाही, आई आहे. मेळ्यात, मॉलमध्ये मुलगी हट्ट धरते. समोरच्याची स्वच्छता कशी ओळखायची? (कोल्हापूर)

रांगेत पुढचं एक मूल रंगवून होईपर्यंत नुसतं बघा. स्पंज कुठून येतो आणि कुठे जातो? डब्यातून येऊन पिशवीत गेला तर बसवा, टेबलावरच परत ठेवला तर नको. पाण्याचा तळ दिसतो का? कलाकाराने दोन मुलांमध्ये हात पुसले, सॅनिटायझर लावला का? तुमच्या मुलीला काही अ‍ॅलर्जी आहे का, हे विचारलं का? यातलं काही खटकलं तर विचारायला संकोच करू नका. पर्समध्ये एक धुतलेला स्पंज ठेवा आणि "हिला हा वापराल का?" म्हणा. चांगल्या कलाकाराला राग येत नाही. तुमच्या मुलीला पुरळ असेल किंवा डोळे चुरचुरत असतील, तर तेही तुम्ही आपणहून सांगायला हवं, मागे रांगेत दुसऱ्यांची मुलं असतात.

घरी आल्यावर रंग वाइपने घासू नका. साबणाचा फेस करून बोटांनी चोळा, कोमट पाण्याने धुवा. डोळ्यांजवळ थोडं खोबरेल लावून ओल्या सुती फडक्याने पुसा, आणि ते फडकं लगेच धुवायला टाका.